कोणाले सांगू नको

वरूडला बाजाराच्या रस्त्यावर खुशालरावांचं संत्र्यांचं शेड आहे. फेब्रुवारीत मृगबहाराची फळं उतरायला लागली, की सकाळी सातलाच तिथं ट्रॅक्टर उभे राहतात. त्या दिवशीही दोन ट्रॉल्या रिकाम्या होत होत्या. मजूर बाया लहानमोठी फळं वेगळी करत होत्या आणि खुशालरावांची सून मोनाली त्यांच्यासाठी चहाची किटली घेऊन खालीवर करत होती.

शेडच्या मागं घर, आणि घराचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. जिन्याच्या मध्यावर मोनालीला थांबावं लागे. नुसतं थांबलं तर लोकांच्या नजरेत येतं, म्हणून ती तिथल्या जाळीतून रस्त्याकडे बघत उभी राही. श्वास जागेवर आला, की पुढच्या पायऱ्या.

"काय पाहून राहिली वं रोज त्या जाळीतून?" सासू पार्बताबाईंनी खालून आवाज दिला. "कोणाची वरात येऊन राहिली काय?"

"नाही आई, आली."

मोनाली हसून उत्तर देई. तीन वर्षांत हे हसणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. त्यामागं काय होतं, ते या घरात कोणालाच माहीत नाही अशी तिच्या माहेरची समजूत होती. खरं म्हणजे एकाला माहीत होतं. ते पुढं येईलच.

मोनालीचं माहेर धामणगाव रेल्वेचं. वडील पुंजाराम तिथल्या धान्यबाजारात मापारी. अकरा वर्षांची असताना तिचा घसा सुजला, ताप आला, मग गुडघे आणि घोटे ठणकू लागले. आठवड्याभरात सगळं बरं झालं आणि घरचे विसरून गेले. दहावीत शाळेच्या शर्यतीत ती धापा टाकत खाली बसली, तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की त्या जुन्या घशाच्या आजारानं हृदयाची एक झडप आखडली आहे. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन, रोज दोन गोळ्या, आणि पुढंमागं फुग्यानं झडप रुंद करून घ्यायची. सरकारी योजनेत ते काम फुकट होत होतं. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या इफ्फत सिस्टर इंजेक्शन देत. एकवीस दिवस कधी बावीस झाले नाहीत.

मग स्थळं यायला लागली.

मोनालीच्या आईचा, रुख्मिणीचा, मोठा भाऊ नत्थुजी सोयरिकी जमवण्यात तरबेज. वरूडचं स्थळ त्यानंच आणलं. स्वतःचं शेड, एकुलता एक मुलगा गजेंद्र, निर्व्यसनी. बोलणीच्या आदल्या दिवशी नत्थुजी बहिणीला म्हणाला, "पोरीच्या छातीची गोष्ट काढू नको. गोऱ्या पोरीले चष्मा असला तरी लोकं नाक मुरडतात. हे तं दिलाचं दुखणं हाय."

झडप रुंद करायचं राहिलं, कारण दवाखान्यात राहिलं की चार लोकांना कळतं. लग्न झालं. पाठवणीच्या वेळी रुख्मिणीनं मुलीच्या चांगल्या साड्यांच्या घडीत गोळ्यांची पाकिटं ठेवली आणि तिच्या कानाशी लागून म्हणाली, "कोणाले सांगू नको, बाई."

आपल्याकडे मुलगा दारू पीत असला तर ती सवय असते, लग्नानंतर सुटणारी. मुलीला आजार असला तर तो डाग असतो. तो पुसता येत नाही, म्हणून झाकतात. झाकणारे हात बहुधा तिच्या आईचेच असतात.

सुरुवातीला मोनाली काहीतरी निमित्त काढून इंजेक्शनसाठी माहेरी येई. पहिल्या बाळंतपणाला ती धामणगावलाच होती. तेव्हा झडप तशीच ठेवली म्हणून अमरावतीच्या डॉक्टरांनी पुंजारामला चांगलंच फैलावर घेतलं. कशीबशी मायलेकी सुखरूप सुटल्या. मुलीचं नाव ठेवलं स्वरा. त्यानंतर घर, लेकरू, शेड. एकवीस दिवसांचे चाळीस झाले, चाळीसाचे साठ.

त्या फेब्रुवारीत फ्लूची साथ आली. आधी खुशालराव पडले, मग पार्बताबाई, मग गजेंद्र. तिघांचं अंग मोडून आलं, खोकले, चौथ्या-पाचव्या दिवशी उठून बसले. त्यांना पेज, काढा, कढत पाणी देत मोनाली जिना चढत-उतरत राहिली. मग तिला ताप भरला. घरात करणारं कोणी उरलं नाही, म्हणून रुख्मिणीला बोलावून घेतलं.

रुख्मिणी आली तेव्हा मोनाली भिंतीला तीन उशा लावून बसली होती.

"झोपत काहून नाही वं?"

"आडवी झाली की जीव घाबरते, माय."

"आमालेही आलता ताप," पार्बताबाई म्हणाल्या. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या, पण सुनेचं दुखणं आपल्या दुखण्याच्या मापानं मोजत होत्या. "चार दिवसांत उठलो आमी. आजकालच्या पोरींले सोसत नाही जी काही."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला गावातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. साथीमुळे व्हरांड्यातसुद्धा पेशंट बसले होते. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. त्यांनी छातीला नळी लावली, पण ठसक्यावर ठसका येत होता आणि काळीज घोड्यासारखं पळत होतं. त्या आवाजात झडपेची बारीक घरघर त्यांना ऐकू आली नाही. मात्र विचारायचं ते त्यांनी विचारलं.

"जुना काही आजार? दमा, शुगर, हार्टचं काही?"

खाटेच्या पायथ्याशी पार्बताबाई उभ्या होत्या. रुख्मिणीनं त्यांच्याकडे बघितलं. मोनालीनं आईकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. रुख्मिणीच्या मनात आलं, पोरगी बरी तं होणारच आहे, ताप तं सगळ्यांचाच उतरला. मग घरी गेल्यावर हिला रोज ऐकावं लागेल, कदाचित परत पाठवतील, कडेवर लेकरू घेऊन.

"नाही जी," रुख्मिणी म्हणाली. "काही नाही."

मोनालीनं डोळे मिटून घेतले.

तीन दिवस पोटात अन्न नव्हतं, म्हणून सलाइन लावलं. एक बाटली संपली, दुसरी लावली. दुसऱ्या कोणाला त्यानं हुशारी आली असती. मोनाली दुपारी एकच्या सुमारास उठून बसायला धडपडू लागली. ओठ निळे पडले, खोकल्याबरोबर गुलाबी फेस आला. डॉक्टर धावत आले, सलाइन काढलं, ऑक्सिजन लावला, अमरावतीला न्यायला सांगितलं. गाडीत तिचं डोकं आईच्या खांद्यावर होतं. वाटेतलं मोर्शी यायच्या आधीच ते जड झालं.

ती सत्तावीस वर्षांची होती.

तिसऱ्या दिवशी इफ्फत सिस्टर धामणगावच्या घरी आल्या. त्या रुख्मिणीचा हात धरून बसल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "भाभी, सलाइन लावलं होतं काय?"

"हो. दोन."

"डॉक्टरले सांगितलं होतं ना, झडपेचं?"

रुख्मिणीनं नकाराची मान हलवली. इफ्फत सिस्टरांनी तिचा हात सोडला नाही, पण त्यांचा चेहरा उतरला.

"मले समजून सांगा, सिस्टर," रुख्मिणी म्हणाली. "सगळं सांगा. सगळ्यांले तोच ताप होता. मंग तीच काहून?"

"ताप तोच होता, भाभी. दिल तो नव्हता." सिस्टर एकेक शब्द तोलून बोलत होत्या. "या फ्लूमंदी कोणाचंही काळीज जोरानं पळते. चांगल्या माणसाचं पळते न थांबते. तिच्या झडपेचं तोंड बारीक झालतं. तितक्या घाईत रगत पुढं जात नाही, मांगं फुप्पुसात तुंबते. त्यात वरून दोन बाटल्या पाणी. डॉक्टरले मालूम असतं तं त्यानं पाणी घातलं नसतं, पाणी काढायचं इंजेक्शन दिलं असतं. धडधड कमी करायची दवा दिली असती. सकाळीच अमरावतीले पाठवली असती."

"वाचली असती?"

"ते मी कशी सांगू? पण मौका भेटला असता तिले."

दाराच्या चौकटीला टेकून मोनालीची धाकटी बहीण आचल ऐकत होती. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "माय, लहानपणी ताईचा घसा सुजला तवा माहाही सुजलता. आमी एकाच गादीवर झोपत होतो."

रुख्मिणीनं मान वर केली. बाहेर बायका बसायला आल्या होत्या. नत्थुजी, पुंजाराम ओसरीवर होते. ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "उद्या आचलले घेऊन अमरावतीले जातो आमी."

"सुतकात?" नत्थुजी उठूनच उभा राहिला. "लोकं काय म्हणतीन?"

"लोकांले जे म्हणायचं ते म्हणू दे, दादा. त्यांच्याच भेवानं एक पोरगी घालवली मी."

पुंजाराम तोवर मेहुण्याच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. तो काही न बोलता आत गेला आणि आचलचं आधार कार्ड घेऊन आला.

अमरावतीच्या तपासणीत आचलच्याही झडपेला गळती निघाली. थोडीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, इंजेक्शन चुकवलं नाही तर वाढायचं कारण नाही. दरवर्षी फ्लूची लस घ्यायची, आणि कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवला की आधी हे सांगायचं. पांढऱ्या फाइलवर त्यांनी आचलचं नाव लिहून दिलं.

तेराव्याला सगळे वरूडला गेले. जेवणं झाल्यावर खुशालरावांच्या बैठकीत दोन्हीकडची माणसं बसली, बायका आतल्या दाराशी. स्वरा पार्बताबाईंच्या मांडीवर झोपली होती. नत्थुजीनं घसा खाकरला.

"जाणारी गेली. पण या लेकराले माय पायजे. मी अन् खुशालराव बोललो. घरातलीच पोरगी घरात आली तं लेकरू परकं होत नाही. आचलचं शिक्षण संपत आलं. वर्षाच्या आत उरकून घेऊ."

कोणी काही बोललं नाही. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे होकार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खुशालरावांनी मान हलवली. गजेंद्र खाली बघत होता. आचलचा चेहरा पांढरा पडला. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

नत्थुजीनं बहिणीकडे बघितलं. बैठकीत सगळ्यांसमोर उघड बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं फक्त डोळ्यांनी सांगितलं. रुख्मिणीला तो इशारा चांगला ओळखीचा होता.

ती आतल्या दाराशी होती, ती उठून बैठकीच्या मध्ये आली.

"आचल इथं येणार नाही," ती म्हणाली. "अन् काहून येणार नाही ते बी आज सांगते. मोनालीले लग्नाच्या आंधीपासून दिलाचं दुखणं होतं. दहावीपासून. मले मालूम होतं, तिच्या बाबाले मालूम होतं, दादाले मालूम होतं. तुमच्यापासून आमी लपवलं."

"रुख्मे, खाली बस!" नत्थुजी ओरडला.

"नाही बसत. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, दिलाचं काही हाय काय. मी नाही म्हटलं. इहीनबाई, तुमी तिथंच होत्या. तुमच्या भेवानं मी नाही म्हटलं. माह्या पोरीले निस्त्या तापानं नाही मारलं. त्या नाहीनं मारलं."

पार्बताबाईंच्या मांडीवरची स्वरा दचकून जागी झाली. पार्बताबाई तिला घेऊन उभ्या राहिल्या. "फसवलं! इतकं मोठं फसवलं आमाले! बिमार पोरगी गळ्यात मारली?"

"हो, फसवलं," रुख्मिणी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण एक सांगा. सांगितलं असतं तं सून केली असती तुमी तिले?"

पार्बताबाईंनी स्वराला छातीशी धरलं.

"नसती केली. मंग ती माह्या घरी राह्यली असती. बिनलग्नाची राह्यली असती. लोकं हसले असते. पण राह्यली असती न जी! माह्या डोयासमोर राह्यली असती!"

तेवढ्यात गजेंद्र बोलला. तेरा दिवसांत त्याचा आवाज कोणी धड ऐकला नव्हता.

"मले मालूम होतं, मामी."

सासूला तो मामी म्हणत असे. रुख्मिणी वळली.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कपाट सरकवताना साड्यांतून गोळ्या पडल्या. मोबाइलवर नाव टाकून पाह्यलं. तिले इचारलं तं तिनं हात जोडले. म्हणे, आईले सांगू नका, मले पाठवून देतीन. मी म्हटलं, बरं. मले वाटलं, मी लय चांगला नवरा आहो." त्यानं रुख्मिणीकडे बघितलं. "त्या दिवशी मी दवाखान्याच्या दारातच होतो. डॉक्टरनं इचारलं. तुमी नाही म्हटलं. मले वाटलं, आईच सामने आहे, आता काय बोलू. आपण दोघंही होतो तिथं, मामी. दोघांलेही मालूम होतं."

पुंजारामनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो मोठ्यानं रडू लागला. त्या घरात पुरुषाचं रडणं त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आलं.

"बस झालं!" पार्बताबाई किंचाळल्या. "निघा इथून! या लेकराचं तोंड आता दिसणार नाही तुमाले!"

येताना रुख्मिणीला याचीच भीती होती. स्वराचे डोळे थेट मोनालीसारखे होते. तिनं लेकराकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"तुमची मर्जी," ती म्हणाली. "पण हिचा घसा दुखला, गुडघे दुखले, तं दवाखान्यात दाखवजा. तिथं कोणी काही इचारलं तं खरं सांगजा. माह्यावर राग धरून हिच्यापासून काही लपवू नका."

आचलनं पिशवीतून पांढरी फाइल काढली आणि बैठकीतल्या टेबलावर उघडून ठेवली.

"हे माही फाइल," ती सगळ्यांकडे बघत म्हणाली. "मलेही तेच आहे. ज्याले वाचायची त्यानं वाचावी. मी ताईची जागा घेणार नाही. अन् ज्या घरात हे वाचून चालत नाही, त्या घरात मी जाणार नाही."

कोणी फाइलला हात लावला नाही. आचलनं ती पुन्हा पिशवीत ठेवली. मायलेकी बाहेर पडल्या, मागून पुंजाराम. फाटकाशी एक मजूर बाई उभी होती. शेडमध्ये संत्री निवडणाऱ्यांपैकी होती, बैठकीतलं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिनं रुख्मिणीचा पदर धरला.

"बाई, माह्या सुनेलेही जिना चढला की धाप लागते. तिले सहावा महिना हाय. कोठी दाखवलं तुमी?"

रुख्मिणीनं तिथंच उभं राहून तिला अमरावतीच्या दवाखान्याचं नाव, वार, खोली, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तुले एकटीले जमत नसन तं मी येते संगं." आणि ती खरंच गेली.

धामणगावात ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. नत्थुजीनं सहा महिने बहिणीच्या घरी पाय ठेवला नाही. काहींनी रुख्मिणीला लेकीची वैरीण म्हटलं. काही जणी मात्र दुपारी, माणसं बाजारात गेल्यावर, मुलींना घेऊन मागच्या दारानं येत. "पुढच्या दारानं या," रुख्मिणी म्हणे. "चोरी नाही केली काही." इफ्फत सिस्टर आलेल्या मायलेकींच्या मध्ये बसून घसा, सांधे, धाप, सगळं विचारून घेत. त्या वर्षात अकरा मुली अमरावतीला तपासून आल्या. तिघींच्या झडपांत दोष निघाला.

गजेंद्र दर महिन्याला एका रविवारी स्वराला घेऊन धामणगावला येतो. पहिल्या वेळी तो आईशी भांडून आला होता. आता भांडावं लागत नाही. पार्बताबाई रुख्मिणीशी अजून बोलत नाहीत, पण स्वराचा घसा लाल झाला तेव्हा त्यांनी स्वतः तिला दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांना सांगितलं, "हिच्या मायले दिलाचं दुखणं होतं." हे शब्द त्यांनी सगळ्या व्हरांड्याला ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं उच्चारले, असं गजेंद्रनंच सांगितलं.

पुढच्या जानेवारीत आचललाही फ्लू झाला. लस घेतलेली होती, तरी ताप आला. पहिल्याच दिवशी ती फाइल घेऊन अमरावतीला दाखल झाली. डॉक्टरांनी सलाइनला हात लावला नाही, नाडी आणि छाती तासातासाला बघितली, फ्लूचं औषध लगेच सुरू केलं. रुख्मिणी खाटेशेजारी बसून मुलीचा श्वास मोजत राहिली. सहाव्या दिवशी आचल स्वतःच्या पायांनी चालत बसस्टँडवर आली.

आता ती एका शाळेत विज्ञान शिकवते. तिला आतापर्यंत तीन स्थळं आली, त्यातलं एक अकोल्याचं, चांगल्या नोकरीतलं. तिन्ही वेळा चहाआधी फाइल पुढं ठेवली गेली. दोन घरांनी निरोपच पाठवला नाही. अकोल्याच्यांनी निदान स्पष्ट नाही म्हणून कळवलं.

तिसऱ्या नकारानंतर नत्थुजी बहिणीच्या घरी आला. वय झालं होतं, रागही निवला होता, तरी ओसरीवर बसल्या बसल्या तो म्हणालाच, "पाह्य रुख्मे, तीन सोयरिकी गेल्या तुया फाइलीपायी."

रुख्मिणी काही म्हणायच्या आत आचल वह्या तपासता तपासता मान वर करून म्हणाली,

"गेल्या तं जाऊ द्या, मामाजी. मी तं आहो न!"